काळा पाषाण आणि वाळूचा दगड

(संस्थेच्या वार्षिक संमेलनानिमित्त पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘अग्निजन्य खडक आणि गाळाचा खडक यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांनी परीक्षेत सोडविला असेल. कागदाच्या मधोमध एक उभी रेघ ओढावयाची, डाव्या बाजूला पाच मुद्दे, उजव्या बाजूला पाच मुद्दे. गुण पदरात पडतात आणि विषय संपतो. अशी उत्तरे मी अनेक वर्षे तपासली आहेत. त्यांत चूक क्वचितच असे. परंतु लिहिणाऱ्याने ते दोन दगड कधी हातात धरून पाहिले आहेत असे वाटावे, असे उत्तर मात्र फार थोडे. आपल्या कोकणात तरी हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. विहिरीला मे महिन्यात पाणी राहणार की नाही, बोअरवर खर्च केलेला पैसा वाया जाणार की नाही, इतकेच काय, आपल्यातल्या कित्येक घरांत दरमहा येणारा पैसा कोठून येतो, या साऱ्याचा संबंध या दोन दगडांशी आहे. तो संबंध दाखवावा म्हणून मी आज उभा आहे.

टेबलावर दोन तुकडे ठेवले आहेत. पहिला आपला रोजचा काळा दगड. पाटा-वरवंटा याचाच, जाते याचेच, रस्त्यावरची खडी याचीच. शास्त्रात याला बेसाल्ट म्हणतात, हा अग्निजन्य. दुसरा तांबूस दगड राजस्थानकडचा. यास वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड म्हणतात, हा गाळाचा. मुंबईच्या बाजारात याच्या फरश्या मिळतात, आणि अलीकडे नव्या बंगल्यांच्या दर्शनी भिंतींना त्या लावण्याची हौसही पुष्कळ दिसते.

विद्यार्थ्यांनी आधी दोन्ही दगड उचलून पाहावेत. आकार सारखा असला तरी काळा दगड जड लागतो. पाण्याच्या मानाने तो सुमारे २.९ पट जड आहे, तर वालुकाश्म साधारण २.२ ते २.५ पट. मग हातोडीने हलकेच ठोकावे. ताजा काळा दगड खणखणतो. वाळूच्या दगडाचा आवाज बसका येतो. आता प्रत्येकावर पाण्याचा एकेक थेंब टाका. काळ्या दगडावर थेंब तसाच बसून राहतो. वाळूच्या दगडावर तो पसरतो, आणि पाहता पाहता आत जिरतो व मागे ओला डाग तेवढा उरतो. हा थेंब नीट ध्यानात ठेवा. पुढे जे सांगावयाचे आहे, ते निम्मे या थेंबात आहे.

शेवटी भिंग घ्या. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन चित्र मोठे करून पाहिले तरी चालते. वाळूच्या दगडात कण सुटे सुटे ओळखू येतात. साखरेचे दाणे पाकात चिकटून त्यांची वडी व्हावी, तसे ते दिसतात. बहुतेक कण गारेचे आहेत. त्यांच्या कडा झिजलेल्या आहेत, आणि प्रत्येक कणाभोवती लोहाच्या गंजाचा पातळ लेप आहे; दगडाचा तांबडा रंग तो या लेपाचा. काळ्या दगडात असे सुटे कण दिसतच नाहीत. तेथे बारीक स्फटिक एकमेकांत घुसून, एकमेकांना अडवून बसलेले आहेत. ते इतके बारीक असतात की दगडाची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी तेव्हाच नीट दिसतात.

माझ्या मते या दोन खडकांतला खरा फरक एवढाच आहे. बाकीचे सगळे मुद्दे त्यातून निघतात. काळ्या दगडातले स्फटिक जागच्या जागी जन्मले, वितळलेल्या रसातून एकत्र वाढले. वाळूच्या दगडातले कण दुसरीकडे जन्मले, प्रवास करून आले आणि येथे येऊन एकमेकांना चिकटले. यात एक गंमत आहे. गारेचा एकटा कण घेतला तर तो काळ्या दगडातल्या कोणत्याही मुख्य खनिजापेक्षा कठीण असतो. काचेवर सहज ओरखडा काढतो. तरीही त्या कणांचा झालेला दगड काळ्या दगडापुढे मऊ ठरतो, कारण दगडाची ताकद कण एकमेकांना कसे धरून आहेत यावर ठरते. यावरून लगेच एकीच्या बळावर व्याख्यान झोडण्याचा मोह होतो. पण आज खडकांपुरतेच बोलू.

आता हे कण येतात कोठून ते पाहू. डोंगराचा जुना खडक ऊन-पावसाने खिळखिळा होतो. त्यातली बरीच खनिजे कुजून माती होतात, परंतु गारेचा कण कुजत नाही. तो ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्राकडे लोटला जातो. वाटेत घासून गोल होतो. प्रवाहाचा जोर कमी झाला की आधी गोटे खाली बसतात, मग भरड वाळू, मग बारीक वाळू आणि शेवटी चिखल. ही गोष्ट आपल्या देशाच्या भूमीवर अकराव्या शतकात एका विद्वानाने डोळ्यांनी टिपून ठेवली आहे. अल-बेरुनी यांचा हिंदुस्थानविषयीचा ग्रंथ सन १०३० च्या सुमाराचा. त्यात त्यांनी नोंदविले आहे की डोंगराजवळ, जेथे नद्या वेगाने वाहतात तेथे, जमिनीत मोठे गोटे सापडतात. पुढे गेल्यावर ते लहान होत जातात. आणि नद्या मंद होऊन समुद्राजवळ येतात तेथे सगळी वाळूच असते. यावरून त्यांनी अनुमान काढले की हा मैदानी मुलूख एके काळी समुद्र असावा आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरत गेला असावा. हातात ना सूक्ष्मदर्शक, ना नकाशे. फक्त खणलेल्या जमिनीकडे लक्ष देऊन पाहण्याची सवय.

अशा वाळूवर वाळू चढत जाते. खालचे थर दाबले जातात, आणि त्यांतून झिरपणारे पाणी कणांच्या फटीत कधी चुना, कधी सिलिका, कधी लोह सोडून जाते. सिमेंटचे काम तेच करते. राजस्थान-आग्रा भागातला जो तांबडा दगड आपण पाहतो, तो शंभर कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही जुना मानला जातो. तरीसुद्धा त्याच्या फरशीवर पुष्कळ वेळा बारीक बारीक वळ्या दिसतात. ओहोटीच्या वेळी आपल्या किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत जशा वळ्या उमटतात, अगदी तशाच. तो डिझाइनचा भाग समजून गवंडी कधी कधी घासून काढतात. घरी अशी फरशी असेल तर ती घासू देऊ नका.

काळ्या दगडाची हकीकत निराळी. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून ११०० ते १२०० अंश सेल्सियस उष्णतेचा लाव्हा बाहेर आला आणि पुराच्या पाण्यासारखा पसरला. एक थर निवाला की काही काळाने त्यावर दुसरा. आज उरला आहे तेवढाच प्रदेश सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. महाराष्ट्राचा बहुतांश भाग त्यात येतो. सह्याद्रीच्या कड्यावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात ते हे थर. म्हणूनच या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे त्यावरून ते आले. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे असत. ते वर येता येता थर गोठला आणि दगडाच्या वरच्या भागात भोके राहिली. पुढे त्यांत पांढरे, हिरवट स्फटिक भरले. घाटात रस्ता रुंद करताना असे चमकणारे दगड मुले खिशात भरून आणतात, ते हेच.

विद्यार्थी येथे हमखास विचारतात: गाळाच्या खडकातही थर, या खडकातही थर, मग ओळखावयाचे कसे? प्रश्न चांगला आहे, आणि तो विचारणारे तुम्ही पहिले नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील विद्वानांत यावरूनच मोठा वाद माजला होता. जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाण विद्यालयातील प्राध्यापक वेर्नर हे त्या काळचे नामांकित खनिजशास्त्रज्ञ. बेसाल्ट हाही समुद्राच्या पाण्यातून खाली बसलेला खडक आहे, असे ते शिकवीत, आणि देशोदेशीचे विद्यार्थी तेच घेऊन घरी जात. उलट फ्रान्समधील देमारे यांनी ओव्हेर्न्य भागात १७६३ पासून पायी फिरून बेसाल्टचे खांब थेट जुन्या ज्वालामुखीपर्यंत माग काढीत नेऊन दाखविले. पुढे स्कॉटलंडच्या जेम्स हॉल यांनी १७९८ मध्ये प्रयोगच करून पाहिला. त्यांनी असा काळा दगड भट्टीत वितळविला. एकदम थंड केला तर त्याची काच झाली. सावकाश थंड केला तर पुन्हा कणीदार दगड झाला. वेर्नर यांची विद्वत्ता काही लहान नव्हती, परंतु भट्टीतल्या दगडाने दिलेली साक्ष मोडता येणे कठीण होते.

दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी पाहावयाचे असतील तर मुंबईसारखी जागा नाही. लाव्ह्याचा एक थर येऊन गेला आणि पुढचा येण्यास उशीर झाला, तर मधल्या काळात खोलगट जागी तळी साचत आणि त्यांच्या तळाशी चिखल बसे. वरळीच्या टेकडीत काळ्या दगडाच्या थरांमध्ये असा चिखलाचा पातळ खडक सापडला, आणि त्यात काय मिळाले? बेडकांचे सांगाडे! १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. लाव्ह्याच्या थरात बेडूक सापडणार नाही. ११०० अंशांत त्याची हाडे टिकणार कशी? चिखलाच्या खडकात मात्र तो हातपाय पसरून जसाच्या तसा राहिला. जीवाश्म गाळाच्या खडकात का सापडतात, याचे उत्तर त्या इवल्याशा बेडकाने मुंबईत देऊन ठेवले आहे.

बांधकामाबद्दल थोडक्यात सांगतो. वाळूचा दगड थराथराने फाटतो, म्हणून त्याच्या लांब फळ्या, तुळया, खांब काढता येतात. फत्तेपूर सिक्रीचे बांधकाम १५७१ पासून सुरू झाले. तेथील पंचमहालात लाकडाऐवजी दगडाच्या तुळया-खांबांचे मजल्यावर मजले उभे आहेत. सुताराने करावे तसे काम पाथरवटांनी केले, कारण दगड टाकीला वश होता. आपल्या दख्खनच्या पाथरवटापुढे काळा फत्तर होता. त्यात टाकी चालविणे म्हणजे मनगटाची परीक्षा. विजापूरचा गोल घुमट १६५६ मध्ये झाला, तो या काळ्या-करड्या दगडाचा. त्याचे सौंदर्य जाळीकामात नाही, जाडजूड भिंतींत आणि घुमटाच्या आवाक्यात आहे. वेरूळसारख्या ठिकाणी काळ्या दगडातही नाजूक काम झाले आहे. पण त्यासाठी किती टाक्या झिजल्या असतील याचा विचार करावा. ओघात पालकांना एक सुचवितो. समुद्राजवळच्या घराला तांबडा वालुकाश्म लावण्यापूर्वी मघाचा पाण्याचा थेंब आठवा. खारे वारे आणि ओल त्या छिद्रांत शिरतात, आत मिठाचे स्फटिक धरतात आणि काही वर्षांनी दगडाचे पापुद्रे सुटू लागतात.

आता घरात येणाऱ्या पैशाकडे वळतो. आपल्यापैकी कित्येकांचे वडील, भाऊ, मुलगे आखातात आहेत. कुवेतचे बुरगान हे तेलक्षेत्र १९३८ मध्ये सापडले आणि १९४६ मध्ये तेथून तेल परदेशी जाऊ लागले. हे तेल काही जमिनीखालच्या तळ्यात साठलेले नाही. ते वालुकाश्मात आहे, म्हणजे टेबलावरच्या या तांबूस दगडाच्या भावंडात. कणाकणांच्या फटीत ते भरलेले आहे, आणि वर न झिरपणाऱ्या खडकाचे झाकण आहे. सौदी अरेबियातील घवार हे क्षेत्र १९४८ चे. तेथे तेल चुनखडकात आहे, तोही गाळाचाच. आपल्या मुंबईच्या समुद्रात १९७४ मध्ये ‘बॉम्बे हाय’ सापडले, तेथेही मुख्य साठा चुनखडकातच. एके काळी समुद्रात राहिलेल्या सूक्ष्म जीवांचे अवशेष चिखलात गाडले जातात, खोलवर तापून त्यांचे तेल होते आणि ते सरकत सरकत सच्छिद्र खडकात येऊन अडकते. लाव्ह्याच्या पोटात असे काही घडत नाही. कोळशाचेही तेच. चंद्रपूर, वणी, उमरेडकडे कोळसा निघतो, कारण तेथे जुने गाळाचे खडक आहेत. रत्नागिरी-रायगडच्या काळ्या दगडात तो शोधणे व्यर्थ.

म्हणजे घरातला कर्ता माणूस नोकरीला तिकडच्या वाळूच्या दगडावर, आणि घर इकडे काळ्या दगडावर. तिकडे कमावलेला पैसा इकडे बोअर मारण्यात कसा जातो, हे मी एका गावात जवळून पाहिले आहे. घरमालक कुवेतला, घरी आई आणि सून. पहिले बोअर दोनशे फुटांवर कोरडे. यंत्रवाल्याने सांगितले, आणखी शंभर फूट जाऊ. गेले, तेही कोरडे. मग अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात दुसरे. प्रत्येक वेळी फोनवर परवानगी मिळे, कारण इतके खोल गेलो आहोत, तर आता पाणी दूर नसणार, असे सर्वांना वाटे.

येथेच या दोन खडकांतला फरक कळला पाहिजे. वालुकाश्मात पाणी कणाकणांच्या फटीत साठते. चांगल्या वालुकाश्माच्या आकारमानाचा दहावा, कधी पाचवा हिस्सा रिकामी जागा असते. कच्छमध्ये पाऊस वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्या कोकणाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका. तरीही भुजच्या वालुकाश्माने तेथल्या शहरांना आणि शेतीला पाणी पुरविले आहे. उपसा फार झाल्याने तेथेही पातळी खाली गेली, ही गोष्ट निराळी. आपल्याकडे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. भरीव काळ्या दगडात पाण्याला जागाच नाही. जागा आहे ती दगडाच्या भेगांत, वरच्या कुजलेल्या मुरुमात, विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या भोकाभोकांच्या नरम थरात, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधील सांध्यात. हे सांधे लागले तर शंभर फुटांवर पाणी. नाही लागले तर तीनशे फुटांवरही धूळच.

खाली खूप खोल गेलो तर वाळूचा दगड लागेल, अशी आशा काही जण बाळगतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटर काळा दगड, त्याखाली अवघा ८ मीटर गाळाचा थर, आणि मग ग्रॅनाइट. कोयनेच्या परिसरातील छिद्रात ९०० मीटरहून अधिक काळा दगड निघाला, आणि त्याखाली गाळाचा थर नाहीच, सरळ ग्रॅनाइट. आपल्या बोअरचे यंत्र तेथवर पोचण्याचा प्रश्नच नाही.

आणि जांभा? तो कोणत्या रांगेत, असे पुढच्या बाकावरून कोणी तरी विचारणारच. घराच्या भिंतीचा हा दगड धड अग्निजन्य नाही आणि धड गाळाचाही नाही. काळा दगडच हजारो पावसाळ्यांत जागच्या जागी कुजला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, त्याचा हा सांगाडा. तो पाणी पितो भराभर आणि सोडतोही भराभर. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून उतरतो, खालच्या काळ्या दगडावर किंवा चिकणमातीवर अडतो आणि उताराने झऱ्यावाटे बाहेर पडतो. म्हणून गावातले जुने झरे कोठे आहेत, ते दिवाळीनंतर किती दिवस चालतात, हे आजीला विचारून लिहून ठेवणे हे भूगर्भशास्त्राचेच काम आहे. हे काम आठवीतील मुलगीसुद्धा करू शकते.

बोअर घ्यावयाचेच असेल तर आधी शेजारच्या उघड्या विहिरीत वाकून पाहा. तिच्या भिंतीवर कोणता थर किती खोलीवर आहे आणि पाझर कोठून सुटतो ते दिसते. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन विचारा. यंत्र सुरू झाल्यावर घरातील एका विद्यार्थ्याला वही देऊन शेजारी उभे करा. दर दहा फुटांना बाहेर पडणारा चुरा मूठभर घ्यावा, कागदाच्या पुडीत बांधावा आणि पुडीवर खोली लिहावी. चुरा एकसारखा काळा आणि कोरडा येत राहिला तर भरीव कातळ चालू आहे. त्यात पांढरे स्फटिकांचे कण दिसू लागले तर भोकांचा थर आला. विटेसारखा लाल चुरा आला तर तो दोन थरांमधील जुन्या मातीचा पट्टा समजावा. पाणी पुष्कळदा त्याच्या वरच्या अंगाला अडलेले असते, म्हणून त्या पुडीवर खोलीबरोबरच ओल केव्हा दिसली तेही लिहावे. बोअर कोरडे गेले तरी पुड्या फेकू नयेत. शेजारी पुढच्या वर्षी बोअर घेतील, तेव्हा त्यांना त्या दाखवाव्यात.